लायब्ररी टाकायला बसण्याआधी

लातुरात कुणी फोनवर नुसतं 'गंजगोलाईत ये' म्हणालं की समोरचा लगेच विचारतो, 'गोलाईत कुठं?' तिथं सोळा रस्ते येऊन मिळतात, विचारावंच लागतं. ड्रूपल म्हणजे वेबसाइट बांधायचं सॉफ्टवेअर, मॉड्यूल म्हणजे त्याला जोडायचा भाग. मॉड्यूलसोबत येणारी रीडमी, म्हणजे सूचनांची फाइल मात्र 'जावास्क्रिप्ट लायब्ररी डाउनलोड करून लायब्ररीज फोल्डरमध्ये ठेवा' एवढं सांगून मोकळी होते, आणि आपणही उलटून काही न विचारता त्या तयार कोडच्या फाइली टाकतो. मग अर्धा दिवस फोटो सरकवणारा स्लायडर का हलत नाही हे बघण्यात जातो. मी लातुरात बसून कॉलेजं, पतसंस्था, डाळमिलवाले यांच्या साइटी करते. या कामाला बसण्याआधी काय काय तयार ठेवायचं ते ऑफिसातल्या पोरांना तोंडी सांगून कंटाळले, म्हणून एकदाचं लिहूनच काढलं. फाइलींची नावं इथं नागरीत आहेत; सर्व्हरवर ती इंग्रजी स्पेलिंगनंच टाइप करायची.

सगळ्यात आधी वही-पेन घ्या. साइटवर ड्रूपल कितवं आहे ते अॅडमिनमधल्या स्टेटस रिपोर्टच्या पानावर बघून लिहा, मॉड्यूलची आवृत्तीही त्याच ओळीत लिहा. हे एवढ्यासाठी, की जुन्या ड्रूपल 7 मध्ये लायब्ररी साइट्स/ऑल/लायब्ररीज इथं जायची. ड्रूपल 8 नोव्हेंबर 2015 मध्ये आलं आणि तेव्हापासून लायब्ररीज फोल्डर थेट साइटच्या मुळाशी आलं. ड्रूपल 7 ची अधिकृत देखभाल 5 जानेवारी 2025 ला संपली, पण त्या काळी लिहिलेल्या सूचना अजून जागोजागी पडून आहेत आणि शोधलं की त्याच आधी वर येतात. नव्या ड्रूपलवर साइट्स/ऑल/लायब्ररीज मध्ये फाइल टाकली तर कोअर, म्हणजे ड्रूपलचा मूळ भाग, तिकडं ढुंकूनही बघत नाही. ते आधी त्या साइटच्या स्वतःच्या फोल्डरात, म्हणजे बहुतेक ठिकाणी साइट्स/डीफॉल्ट/लायब्ररीज मध्ये बघतं, मग मुळाशी असलेल्या लायब्ररीज मध्ये, आणि शेवटी इन्स्टॉल प्रोफाइलमध्ये, म्हणजे साइट ज्या साच्यावर उभी केली त्याच्या फोल्डरात. हा क्रमही वहीत लिहा. आधीच्या कुणी डेव्हलपरनं साइट्स/डीफॉल्ट मध्ये जुनी प्रत ठेवून दिली असेल, तर तुम्ही मुळाशी कितीही नवी प्रत टाका, चालणार ती जुनीच. पहिल्या दिवशीच दोन्हीकडं नजर टाकून घ्या.

मूळ म्हणजे कुठलं, यावरही घोटाळा होतो. शेअर्ड होस्टिंगवर ते पब्लिक एचटीएमएल असतं. पण कंपोझरनं, म्हणजे पॅकेजं आणून बसवणाऱ्या प्रोग्रामनं, उभी केलेली साइट असेल तर कंपोझर.जेसन एका फोल्डरात आणि खरी साइट त्याच्या आत वेब नावाच्या फोल्डरात असते. खूण सोपी आहे: इंडेक्स.पीएचपी जिथं दिसते आणि शेजारी कोअर, मॉड्यूल्स, साइट्स, थीम्स ही चार फोल्डरं दिसतात, ते मूळ. लायब्ररीज फोल्डर याच रांगेत पाचवं. बऱ्याचदा ते तिथं नसतंच, आपणच करायचं असतं. नसलेलं फोल्डर शोधत बसलेला मुलगा मी पाहिलाय. त्याला वाटलं, इन्स्टॉलच अर्धवट झालंय.

आता यादीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम. मॉड्यूलची झिप आपल्या लॅपटॉपवर उघडून ठेवा आणि तिच्यातली लायब्ररीज.वायएमएल ही फाइल साध्या नोटपॅडमध्ये वाचा. तिच्या नावाआधी मॉड्यूलचं नाव असतं. रीडमीत मोघम काहीही लिहिलेलं असो, मॉड्यूल खरोखर कोणती फाइल मागतंय ते इथं अक्षरन् अक्षर सापडतं. जेएस या शब्दाखाली जो पत्ता आहे तो वहीत जसाच्या तसा उतरवा. पत्त्याच्या सुरुवातीला तिरकी रेघ असेल तर तो साइटच्या मुळापासून मोजायचा. रेघ नसेल तर मॉड्यूलच्या स्वतःच्या फोल्डरापासून, म्हणजे ती फाइल मॉड्यूलसोबतच आलेली आहे आणि तुम्हाला काही टाकायचंच नाही. दोन तिरक्या रेघा किंवा एचटीटीपी असेल तर फाइल बाहेरच्या सर्व्हरवरून येतेय. फोटो मोठा करून दाखवणाऱ्या कलरबॉक्सच्या मॉड्यूलला /लायब्ररीज/कलरबॉक्स/जेक्वेरी.कलरबॉक्स-मिन.जेएस लागतं. त्यात मिनच्या आधी टिंब नाही, आडवी रेघ आहे. डोळ्यांनी वाचून सोडलं तर हा फरक लक्षात येत नाही, हातानं लिहिला तर येतो.

आणि स्लिक. स्लिक स्लायडरचं मॉड्यूल मागतं /लायब्ररीज/स्लिक/स्लिक/स्लिक.मिन.जेएस. स्लिक दोनदा, आणि ते बरोबर आहे, कारण स्लिकच्या झिपमध्येच आत आणखी एक स्लिक नावाचं फोल्डर असतं. हे मी इतक्या ठासून सांगते त्यामागं एक संध्याकाळ आहे. 16 सप्टेंबर होता. जिल्ह्यातल्या एका कॉलेजला दुसऱ्या दिवशी मुक्तिसंग्राम दिनाच्या ध्वजवंदनाचे फोटो सकाळीच पहिल्या पानावर हवे होते. जुने फोटो घालून स्लायडर आदल्या संध्याकाळी चालवून बघायचा असं ठरलं होतं. पान उघडलं तर वीसच्या वीस फोटो एकाखाली एक, लग्नाच्या अल्बमची पानं सुटून पडल्यासारखे. मॉड्यूल चालू होतं, ब्लॉक लागलेला होता, कॅशे, म्हणजे ड्रूपलनं साठवून ठेवलेली जुनी माहिती, तीनदा साफ केली होती. थीमवर संशय घेऊन थीम बदलून पाहिली. मधेच प्राचार्य सरांचा फोन, 'मॅडम, झालं का?' मी म्हणाले, 'होतंय सर,' आणि होत काहीच नव्हतं. दहाच्या पुढं ऑफिसातला पोरगा सहज म्हणाला, 'ताई, कॉपी करताना एकात एक दोन स्लिक झाले होते, ते मी दुपारीच नीट केलं.' त्यानं आतल्या फाइली वर काढून आतलं फोल्डर पुसलं होतं. त्याच्या जागी मी असते तरी मीही तेच केलं असतं, कारण एकात एक तेच नाव दिसलं की कुणालाही ती चूकच वाटते. वायएमएल कुणीच उघडली नव्हती, मी सुद्धा.

उलटी चूक याहून जास्त वेळा होते. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरून आलेली झिप उघडली की फोल्डराच्या नावाला आवृत्ती चिकटलेली असते, स्लिक-1.8.1 असं, किंवा शेवटी मास्टर. होस्टिंगच्या सीपॅनेलमधल्या फाइल मॅनेजरमध्ये आधी स्लिक नावाचं फोल्डर करून आत झिप एक्स्ट्रॅक्ट केली तर लायब्ररीज/स्लिक/स्लिक-1.8.1/स्लिक अशी उतरंड तयार होते. म्हणून झिप सर्व्हरवर उघडायचीच नाही. लॅपटॉपवर उघडा, फोल्डराचं नाव वहीतल्या पत्त्याप्रमाणं करा, वहीवर बोट ठेवून एकेक पायरी उतरून बघा, मग पुन्हा झिप करून वर चढवा.

झिप कोणती उतरवायची हेही आदल्या दिवशी ठरवा. काही लायब्ऱ्यांच्या सोर्स कोडच्या झिपमध्ये कच्चा मालच असतो, डिस्ट नावाचं तयार फोल्डर नसतं. मॉड्यूलच्या पत्त्यात डिस्ट असेल आणि झिपमध्ये नसेल, तर एनपीएमवरचं, म्हणजे जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या साठ्यातलं, पॅकेज घ्या, त्यात तयार फाइली बहुतेक असतात. स्वस्तातल्या होस्टिंगवर बिल्ड करायच्या, म्हणजे कच्च्या मालातून तयार फाइली बनवायच्या, फंदात पडू नका. गिटनं, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामनं, काम करत असाल तर गिटइग्नोर ही वगळायच्या गोष्टींची फाइलही बघून ठेवा. तिच्यात डिस्टची एक ओळ असली की तुमच्याकडं सगळं छान चालतं आणि सर्व्हरवर नेमकं ते फोल्डर पोचतच नाही. डेमो, एक्झाम्पल्स असली फोल्डरं असतील तर तीही चढवण्याआधी काढून टाका. फाइली चढवायला वापरतात त्या प्लअपलोडसारख्या लायब्ररीच्या एक्झाम्पल्समध्ये फाइल स्वीकारणाऱ्या पीएचपी फाइली असतात, त्या उघड्यावर ठेवणं म्हणजे मोंढ्यात गोदामाचं दार रात्रभर उघडं टाकून घरी जाणं.

कंपोझरवाल्यांची गोष्ट वेगळी, आणि तिथं गैरसमजही वेगळा. कंपोझरनं मॉड्यूल आणलं म्हणजे लायब्ररी आपोआप आली असं धरून चालतात. मॉड्यूलच्या स्वतःच्या कंपोझर.जेसन मध्ये लायब्ररी कुठून आणायची हे लिहिलेलं असलं तरी कंपोझर ते मानत नाही; रिपॉझिटरीजची नोंद फक्त तुमच्या मुख्य कंपोझर.जेसन मधलीच चालते. म्हणून ती नोंद तिथं स्वतः करावी लागते. तशी केली आणि पॅकेजचा प्रकार ड्रूपल-लायब्ररी असा असला तर फाइल वेब/लायब्ररीज मध्ये उतरते. प्रकार नुसता लायब्ररी असला तर ती व्हेंडर मध्ये जाते. तुम्ही यादी काढून बघता, पॅकेज हजर. पण व्हेंडर हे वेबच्या बाहेर असतं, ब्राउझरला तिथवर वाटच नाही. अशा वेळी फाइल आहे आणि मिळत नाही म्हणून माणूस चक्रावतो. एनपीएमकडून थेट लायब्ररी आणायची तर असेट पॅकेजिस्ट या एनपीएमची पॅकेजं कंपोझरला देणाऱ्या साठ्याची नोंद आणि इन्स्टॉलर पाथ्सची, म्हणजे कुठं उतरवायचं त्याची, एक जास्तीची ओळ लागते, आणि त्या प्रकारासाठी एक्स्टेंडर नावाचं जोड पॅकेजही. सर्व्हरवर कंपोझर चालवता येतं का हे होस्टिंगवाल्याला आधीच विचारा. नसेल तर हे सगळं आपल्या मशीनवर करून तयार वेब फोल्डरच न्यायचं.

मोठी-लहान अक्षरं: विंडोजच्या लॅपटॉपवर दोन्ही एकच, लिनक्सच्या सर्व्हरवर दोन वेगळी नावं. पहिलं अक्षर कॅपिटल ठेवायची सवय ज्याला आहे त्याच्या हातून ही चूक ठरलेली. फोल्डरांना 755 आणि फाइलींना 644 परवानगी.

फाइली चढवून झाल्या की थेट मॉड्यूलच्या सेटिंगकडं पळायचं नाही. साइटच्या नावापुढं वहीतला पत्ता टाइप करून ब्राउझरमध्ये उघडायचा. साइट उपफोल्डरात बसवली असेल तर ते उपफोल्डरही मधे येतं. पडदाभर चिकटून लिहिलेला कोड दिसला तर जागा बरोबर आहे. 'पान सापडलं नाही' असं आलं तर ते 404, फाइल त्या जागी नाही. 403 आलं तर फाइल आहे पण परवानगी अडवतेय. कधी कधी ब्राउझरच्या कन्सोलमध्ये, जिथं चुका दिसतात तिथं, अनएक्स्पेक्टेड टोकन आणि पुढं टोकदार कंस दिसतो; तेव्हा समजायचं की जावास्क्रिप्टच्या जागी ब्राउझरला एचटीएमएलचं पान हाती लागलंय. स्टेटस रिपोर्टमध्ये लाल ओळ असेल तर तीही वाचा, पण तिथं हिरवं आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. ती तपासणी मॉड्यूल लिहिणाऱ्यानं वेगळी लिहिलेली असते, तिनं एका जागी फाइल बघितली आणि पान दुसऱ्याच जागेवरून मागतंय असंही घडतं. माझा भरवसा ब्राउझरच्या नेटवर्क टॅबवर, पान कोणत्या फाइली मागतंय ते तिथं दिसतं.

नेटवर्क टॅब बघण्याआधी परफॉर्मन्सच्या पानावर जाऊन जावास्क्रिप्टचं अॅग्रिगेशन बंद करा, नाहीतर सगळ्या फाइलींचा एकच लांबलचक नावाचा गठ्ठा दिसतो आणि आपली फाइल त्यात ओळखू येत नाही. मग कॅशे साफ. वायएमएलमधली माहिती ड्रूपल साठवून ठेवतं, त्यामुळं फाइल नंतर टाकली तर कधी कधी त्याच्या लेखी ती नसतेच. फाइल 200 नं, म्हणजे नीट सापडून, येतेय आणि तरीही स्लायडर हलत नाही, असं झालं तर पत्त्याचा नाद सोडा. ड्रूपल 11 मध्ये जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीची चौथी आवृत्ती आहे आणि तीत जुनी बरीच फंक्शनं काढलेली आहेत. जुन्या प्लगइननं तिथं मान टाकली असेल, पण तो वेगळ्या दिवसाचा विषय.

बाहेरगावी जाऊन काम करायचं असेल तर झिप, मॉड्यूल, आधीच्या लायब्ररीज फोल्डराची प्रत आणि डेटाबेसचा बॅकअप रात्रीच पेनड्राइव्हवर घ्या, फोनचा हॉटस्पॉट भरवशाचा ठेवा, लॅपटॉप पूर्ण चार्ज. दुपारी लाइट गेली की तिथल्या लॅबचा राउटर आधी बंद पडतो, आणि चढवणं अर्ध्यात तुटलं तर अर्धीच फाइल वर जाते. ती उघडतेही, फक्त शेवट तुटलेला असतो. म्हणून फाइलीचा आकार दोन्हीकडं जुळवून बघा.

निघताना अॅग्रिगेशन परत चालू करा आणि वहीतलं ते पान साइट सांभाळणाऱ्याला द्या: आवृत्ती, मूळ फोल्डर, पूर्ण पत्ता, तारीख. त्या कॉलेजच्या लॅबमध्ये आमचं पान कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे. पत्त्याखाली पोरानं स्वतःच्या हातानं लाल पेननं लिहिलंय, 'दोन स्लिक आहेत, काढू नका.'