लाइव्ह पॅचिंगचं डॉक्युमेंटेशन कसं तपासावं

लाइव्ह पॅच म्हणजे मशीन रीबूट न करता चालू कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, केलेली दुरुस्ती. त्याची माहिती उघडून बसलेल्या माणसाचा सर्व्हर चालू असतो, त्यावर लोकांची कामं चाललेली असतात. मजकुरातली चूक त्यालाच भोवते. म्हणून अशी माहिती नुसती वाचून पास करू नका. मोडली तरी चालेल अशी व्हर्च्युअल मशीन घ्या आणि प्रत्येक कमांड तिथे चालवून बघा.

आधी आवृत्ती बघा. लिनक्स कर्नलमध्ये ही सोय 4.0 पासून, म्हणजे 2015 पासून आहे. पॅच आधी नोंदवा, मग सुरू करा, असं दोन पायऱ्यांत लिहिलेलं दिसलं तर मजकूर जुना आहे. नोंदणीची पायरी 5.1 मध्ये गेली.

मग मर्यादा. जुन्या फंक्शनची हाक नव्याकडे वळवण्याचं काम एफट्रेस (कर्नलमधली फंक्शनच्या हाका टिपणारी यंत्रणा) करतो, त्यामुळे त्याच्या आवाक्याबाहेरची फंक्शन्स पॅच होत नाहीत. हे कमांडच्या आधी सांगितलंय ना, ते बघा.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो ट्रान्झिशनच्या, म्हणजे जुन्या कोडवरून नव्यावर जाण्याच्या, भागाला. पॅचचं मॉड्यूल (चालू कर्नलला जोडता येणारा कोडचा तुकडा) लोड झालं म्हणजे पॅच लागला, असं नाही. प्रत्येक प्रोसेस आपापल्या वेळी नव्या कोडवर जाते. जुनं फंक्शन जिच्या स्टॅकवर (अजून पूर्ण न झालेल्या फंक्शन्सच्या यादीत) आहे ती मागे राहते. पॅचच्या ‘ट्रान्झिशन’ फाइलमध्ये 1 दिसतोय तोवर काम अर्धवट आहे. पॅच लावताना प्रोसेसच्या ‘पॅच_स्टेट’ फाइलमध्ये 0 असेल तर ती अजून जुन्यावर, 1 असेल तर नव्यावर, -1 म्हणजे ट्रान्झिशन चालूच नाही. अडकलेली प्रोसेस कशी शोधायची आणि पॅचच्या ‘एनेबल्ड’ फाइलमध्ये 0 लिहून मध्येच माघार कशी घ्यायची, हे नसेल तर मजकूर परत पाठवा.

‘फोर्स’बद्दल, म्हणजे अडकलेलं ट्रान्झिशन जबरदस्तीने पूर्ण करण्याबद्दल, अजिबात सूट देऊ नका. ते वापरल्यावर पॅचचं मॉड्यूल काढता येत नाही. हा इशारा कमांडच्या खाली असून उपयोग नाही, तोवर वाचणाऱ्याने एंटर दाबलेलं असतं.

पॅच काढण्याचा क्रमही करून बघा: आधी बंद करायचा, ट्रान्झिशन संपू द्यायचं, मगच मॉड्यूल काढायचं. रीबूटनंतर पॅच आपोआप टिकत नाही, हेही लिहिलेलं हवं.

अभिप्राय देताना ‘हे स्पष्ट नाही’ एवढ्यावर थांबू नका. कोणती कमांड चालवली, काय दिसलं आणि त्या जागी कोणतं वाक्य हवं, ते लिहून द्या.