पहिलं पुस्तक आणि दोन खोल्यांचं प्रकाशन

माझा पहिला कथासंग्रह पुण्यातल्या एका दोन खोल्यांच्या प्रकाशनानं काढला. संपादक, हिशेबनीस आणि गठ्ठे बांधणारे, तिन्ही एकच गृहस्थ. एका मोठ्या संस्थेकडे हस्तलिखित आठ महिने पडून होतं. या गृहस्थांचा आठवड्यात फोन. "तिसरी कथा दोन पानं आधीच संपलीय, तुम्ही उगाच लिहीत बसलात." राग आला. मग ती दोन पानं पुन्हा वाचली आणि काढून टाकली.

प्रुफं चारदा पाहिली. एका स्वल्पविरामावरून अर्धा तास वाद झाला, चहा त्यांचाच. नवख्याचे इतके लाड मोठ्या ठिकाणी क्वचितच होतात. कवितासंग्रह असेल तर मी तर सरळ छोट्यांकडेच जा म्हणेन. अरुण कोलटकरांच्या कवितासुद्धा अशोक शहाण्यांच्या 'प्रास' या छोट्या प्रकाशनानं काढल्या.

खरी अडचण पुस्तक छापून आल्यावर कळते. आवृत्ती 500 प्रतींची. विक्रेत्याला घसघशीत सवलत द्यायची, पैसे मात्र प्रती खपल्यावर, तेही मागून मागून. कोल्हापूरच्या मैत्रिणीला दुकानदार म्हणाला, असं पुस्तकच आलेलं नाही. शेवटी पुण्यातल्या पुस्तकांच्या बाजारात, अप्पा बळवंत चौकात, मीच पिशवीतून दहा प्रती घेऊन फिरले. हिशेब सांगते: किंमत 200 रुपये, रॉयल्टी 10 टक्के, म्हणजे सगळ्या प्रती खपल्या तरी हाती 10 हजार. माझ्या खपल्या नाहीत.

आपुलकीच्या भरात करार तोंडी ठेवू नका. कॉपीराइट कायद्याच्या (1957) कलम 19 प्रमाणे हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा लागतो. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात. ऑडिओ, ई-बुक, भाषांतर हे हक्क 'सर्व हक्क' या दोन शब्दांत जाऊ देऊ नका. आणि 'आयएसबीएनचा (पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचा) खर्च' म्हणून कुणी पैसे मागितले तर उठून या; आपल्याकडे तो क्रमांक फुकट मिळतो.

दुसरा संग्रहही त्यांनाच दिलाय. या वेळी प्रतींचा आकडा आणि हिशेबाचा महिना करारात लिहून घेतला, तेव्हा ते जरा दुखावले, पण सही केली. पहिल्या संग्रहाच्या 60 प्रती मी निम्म्या किमतीत उचलल्या होत्या. 23 अजून पलंगाखाली आहेत.