पलटणीतल्या सोबत्याला हिवाळ्यात मुंबई दाखवताना

पलटणीतला जुना सोबती डिसेंबर-जानेवारीत गावाहून मुंबईला येतो, तेव्हा त्याला एका दिवसात सगळे शहर दाखवण्याचा मोह टाळावा. गेल्या हिवाळ्यात मी सहा ठिकाणे ठरवली होती आणि चौथ्या ठिकाणापर्यंत आम्हा दोघांचे गुडघे कुरकुरू लागले. कुलाबा आणि फोर्ट एवढाच पट्टा धरावा. भेट सीएसएमटीला सकाळी आठची ठरली असेल, तर साडेसातलाच तो तिथे उभा असेल हे गृहीत धरून निघावे. माझा सोबती तोफखान्यातला असून त्याचा डावा कान जवळजवळ गेलेला आहे. म्हणून मी नेहमी त्याच्या उजव्या बाजूने चालतो.

पहिला मुक्काम अफगाण चर्चचा ठेवावा. नेव्हीनगरकडे जाणाऱ्या बेस्टच्या बसने तिथे जाता येते. मात्र ते उघडे आहे का, याची चौकशी आदल्या दिवशी करावी. पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत, म्हणजे 1838 ते 1843 या काळात, मारल्या गेलेल्यांच्या स्मरणार्थ हे चर्च बांधले गेले आणि 1858 मध्ये ते प्रार्थनेसाठी खुले झाले. आत गेल्यावर भिंतींवरील पाट्यांआधी बाके पाहावीत, कारण प्रार्थनेला बसलेल्या शिपायांना रायफल टेकवता यावी म्हणून त्यांना खाचा ठेवलेल्या आहेत. माझ्या सोबत्याने एका खाचेत अंगठा घालून पाहिला आणि मग बराच वेळ तो त्याच बाकावर बसून राहिला. अशा वेळी घड्याळ पाहू नये. येथे तासभर गेला तरी पुढचे एखादे ठिकाण खुशाल गाळावे.

गेटवेला जाण्याआधी खिसे तपासावेत. सोबत्याच्या खिशात नोकरीपासूनचा छोटा चाकू होता आणि तपासणीच्या रांगेतून आम्हाला माघारी फिरावे लागले. चूक आमचीच होती. गेटवेचे उद्घाटन 4 डिसेंबर 1924 रोजी झाले आणि 1971 च्या कराची हल्ल्याच्या स्मरणार्थ पाळला जाणारा नौदल दिनही 4 डिसेंबरलाच येतो, हा निव्वळ योगायोग आहे. 28 फेब्रुवारी 1948 रोजी सॉमरसेट लाइट इन्फंट्रीची शेवटची ब्रिटिश तुकडी याच कमानीतून बाहेर पडली. हे सांगायचे तर कमानीखाली उभे राहूनच सांगावे. घारापुरी मात्र वेगळ्या दिवसासाठी राखावी. लाँचचा प्रवास आणि वरच्या पायऱ्या यांतच अर्धा दिवस जातो.

जेवणानंतर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातले शस्त्रांचे दालन तेवढे पाहावे. पहिल्या महायुद्धात या इमारतीत लष्करी इस्पितळ होते, हे सोबत्याला ठाऊक नसण्याचीच शक्यता अधिक.

शेवटी नौदल गोदीच्या लायन गेटजवळचे विक्रांतचे स्मारक पाहावे. 1997 मध्ये सेवेतून निवृत्त झालेल्या या विमानवाहू नौकेच्या धातूपासून ते घडवलेले आहे. गोदीच्या भिंतीकडे मोबाइल रोखू नये. हे सोबत्याला सांगावे लागत नाही, नातवाला फोटो पाठवण्याची घाई आपल्यालाच असते. पाचच्या आत सीएसएमटी गाठावे, म्हणजे कार्यालये सुटण्याआधीच्या लोकलमध्ये दोघांना शेजारीशेजारी जागा मिळते. खिडकी त्याला द्यावी आणि आपण त्याच्या चांगल्या कानाकडे बसावे.