रानवेलींचा रस औषध म्हणून वापरताना या चुका टाळा

रानवेलींच्या औषधी उपयोगांविषयी जे लिहिले जाते, त्यात बहुतेक वेळा ‘वेलीचा रस काढून घ्यावा’ एवढेच वाक्य असते, आणि निम्म्या चुकांचे मूळ नेमके त्याच वाक्यात असते. वेल कापल्यावर आपोआप ठिबकणारे पाणी, देठ मोडताच बाहेर येणारा पांढरा चीक आणि खोड किंवा पाने कुटून फडक्यातून पिळलेला स्वरस हे तीन अगदी वेगळे द्रव आहेत. पहिले म्हणजे मुळांनी जमिनीतून ओढलेले आणि खोडातून पानांकडे निघालेले पाणी. दुसरा वेलीने स्वतःच्या बचावासाठी निराळ्या नळ्यांमध्ये साठवलेला असतो. तिसऱ्यात पेशीच फुटल्यामुळे वेलीत असेल-नसेल ते सगळे उतरते. उक्षीच्या जून खोडातले पाणी उन्हाळ्यात रानात फिरणारे लोक पितात, म्हणून उक्षीच्या पानांचा रसही तसाच निरुपद्रवी असेल, असे मानायला काहीही आधार नाही.

या पाण्याबाबत एक तक्रार हमखास ऐकू येते, ती म्हणजे खोड कापले तरी थेंबही पडला नाही. अशा वेळी बहुधा खालचा घाव आधी घातलेला असतो. पानांतून बाष्प उडत असल्याने खोडातले पाणी वरच्या दिशेने ताणलेले असते, आणि खाली कापताच ते वर खेचले जाते. म्हणून आधी हात पोहोचेल तितक्या उंचावर कापावे आणि मग खाली. निघालेले पाणी दुधाळ, रंगीत, कडू किंवा जिभेला चुरचुरणारे असेल, तर ते टाकून द्यावे. उलट बाजू मात्र खरी नाही: पाणी स्वच्छ दिसते एवढ्यावरून अनोळखी वेल पिण्यायोग्य ठरत नाही.

पानावरून वेल ओळखणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. बदामाच्या आकाराचे पान दिसले की ती गुळवेल, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात पहाडवेल, डुक्करकंद आणि इतर कित्येक वेलींची पाने दुरून तशीच दिसतात. गुळवेल ओळखायची असेल तर पानापेक्षा खोडाकडे पाहावे. बोटाएवढ्या जाड खोडाची कागदासारखी पातळ साल नखाने सहज सुटते आणि तिच्याखाली हिरवा थर दिसतो. खोड आडवे कापले की मध्यापासून कडेपर्यंत गेलेल्या आऱ्यांमुळे चाकासारखी नक्षी दिसते. आणि झाडावर चढलेल्या जुन्या वेलीवरून सुतळीसारखी बारीक हवाई मुळे सरळ खाली लोंबत असतात. तरीही एकट्या चाकावर विसंबू नये, कारण त्याच कुळातल्या इतर वेलींमध्येही तशी नक्षी सापडते.

गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. टिनोस्पोरा क्रिस्पा ही तिची जवळची बहीण चवीला तितकीच, किंबहुना अधिक कडू असते आणि तिच्या सेवनाने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. तिच्या जून खोडावर दाट, मस्सेदार गाठी असतात. नवख्या माणसाचा इथे उलटाही घोटाळा होतो, कारण गुळवेलीच्या सालीवरही बारीक पांढुरके ठिपके असतात. पण ते ठिपकेच असतात, खडबडीत गाठी नव्हेत. टिनोस्पोरा सायनेन्सिस या तिसऱ्या जातीच्या पानांना खालून मऊ लव असते, तर गुळवेलीचे पान दोन्ही बाजूंनी गुळगुळीत असते. खोड, पान आणि शक्य असेल तर फळ, अशा निदान दोन-तीन खुणा जुळल्याशिवाय कोयता लावू नये.

गुळवेलीच्या रसातले घोटाळे

चरकसंहितेत मेध्य, म्हणजे बुद्धीला पोषक, रसायनांमध्ये गुळवेलीच्या रसाचा उल्लेख आहे, त्यामुळे या वेलीचे स्थान काही कालच्या जाहिरातींनी निर्माण केलेले नाही. पण परंपरेत स्वरस, कल्क (वाटलेला लगदा), काढा, हिम (थंड पाण्यात रात्रभर भिजवून गाळलेला) आणि फांट (गरम पाण्यात भिजवून गाळलेला) हे पाच प्रकार वेगळे मानले आहेत आणि त्यांच्या मात्राही वेगळ्या आहेत. शारंगधरसंहिता ताज्या स्वरसाची मात्रा अर्धा पल, म्हणजे साधारण २ तोळे सांगते, आणि रात्रभर भिजवून किंवा अग्नीवर सिद्ध केलेल्या रसाची १ पल. भारतीय आयुर्वेदीय औषधकोशात गुळवेलीच्या खोडाचे चूर्ण ३ ते ६ ग्रॅम आणि काढ्यासाठीचे खोड २० ते ३० ग्रॅम असे प्रमाण दिले आहे. काढ्याचे हे प्रमाण चूर्णाला लावणे किंवा पेलाभर ताजा रस रोज रिकाम्या पोटी पिणे याला परंपरेचा आधार देता येत नाही.

कुटूनही रस निघत नाही, अशी अडचण असेल तर खोड बहुधा वाळलेले असते. ताज्या खोडाचा रस बुळबुळीत असतो आणि थोडे पाणी शिंपडून कुटल्याशिवाय फडक्यातून नीट उतरत नाही. वाळलेल्या द्रव्यासाठी जुनी रीत आहे: भरड करून दुप्पट पाण्यात एक दिवस-रात्र भिजवायची आणि मग गाळून घ्यायची. ताजा रस काही तासांतच आंबू लागतो, त्यामुळे आठवड्याचा रस एकदम काढून ठेवू नये.

सत्त्वाबद्दलचा गैरसमज तर फारच पसरलेला आहे. बोटभर जाडीचे ताजे खोड ठेचून पाण्यात रात्रभर भिजवतात, हाताने चोळतात, गाळतात आणि तळाशी बसलेला पांढरा साका वाळवतात. तेच गुळवेल सत्त्व. हा साका मुख्यत्वे पिष्ट, म्हणजे स्टार्च, असतो, आणि कडू द्रव्यांचा बराचसा भाग वरच्या निथळलेल्या पाण्याबरोबर निघून जातो. म्हणून सत्त्व म्हणजे रसाचाच आटवलेला अर्क, असे समजून रसाच्या जागी सत्त्व घेणे चूक आहे. सत्त्वात दुसरे पिष्ट मिसळले आहे का, हे आयोडीनच्या थेंबाने तपासण्याचा सल्लाही निरुपयोगी आहे, कारण अस्सल सत्त्वही आयोडीनने निळेच होणार.

कडुनिंबावर चढलेली गुळवेल अधिक गुणकारी, हा समज सार्वत्रिक आहे. पण गुळवेल परजीवी नाही. तिची मुळे जमिनीत असतात आणि झाडाचा तिला केवळ आधार असतो. ज्या वेलीबाबत आश्रयवृक्ष खरोखर महत्त्वाचा ठरतो, त्या अमरवेलीबाबत मात्र कोणी हा प्रश्न विचारत नाही, ही गंमतच म्हणायची. अमरवेल यजमान झाडात शोषक मुळे घुसवते आणि त्याची द्रव्येही ओढून घेते. ती विषारी झाडावर वाढली असेल, तर तिचा रस निर्धोक असण्याची खात्री कोण देणार?

गुळवेल ‘नैसर्गिक’ आहे म्हणून महिनोन्महिने घेत राहणे ही यापुढची चूक. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या ६ रुग्णांमध्ये यकृताची इजा नोंदवली, आणि त्यानंतर देशातल्या १३ केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची माहिती एकत्र प्रसिद्ध झाली. आयुष मंत्रालयाने वेल ओळखण्यात गफलत झाली असावी, अशी भूमिका घेतली. संशोधकांचे म्हणणे असे की, काही जणांत आधीपासून दबून असलेला स्वयंप्रतिकार विकार (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटण्याचा आजार) गुळवेलीमुळे उसळला. माझ्या मते सामान्य वाचकाने या वादाचा निकाल लागण्याची वाट पाहू नये. ज्यांना यकृताचा, थायरॉइडचा किंवा इतर स्वयंप्रतिकार विकार आहे, ज्या स्त्रिया गर्भवती आहेत आणि ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी वैद्य आणि उपचार करणारे डॉक्टर या दोघांनाही सांगितल्याशिवाय हा रस घेऊ नये. लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे, अंगाला खाज सुटणे किंवा अन्नावरची वासना उडणे यांपैकी काहीही जाणवल्यास रस त्याच दिवशी बंद करून यकृताची रक्ततपासणी करून घ्यावी.

चीक, फोड आणि खाज

उतरण आणि हरणदोडी या रुईच्या कुळातल्या चीक असणाऱ्या वेली आहेत. चामखिळीवर किंवा रुतलेल्या काट्यावर चीक लावण्याची रीत जुनी आहे, पण उघड्या जखमेवर तो लावू नये, कारण वाळलेल्या पापुद्र्याखाली घाण तशीच कोंडली जाते आणि वरून जखम भरल्यासारखी दिसते. चीक डोळ्यात गेला तर चोळू नये. निदान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याची धार सोडावी आणि त्यानंतर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. सुरुवातीला दुखत नसले, तरी बुबुळाला सूज येऊन नजर धूसर होऊ शकते.

मोरवेलीचा ताजा रस त्वचेवर बांधून ठेवला तर भाजल्यासारखे फोड येतात. पाने चुरडताच तयार होणारे प्रोटोअ‍ॅनेमोनिन हे द्रव्य त्याला कारणीभूत असते आणि वेल वाळली की ते बरेचसे निघून जाते. कांडवेलीच्या कच्च्या रसाने तोंड आणि घसा खाजतो, कारण तिच्यात कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. हाड मोडल्यावर कांडवेलीचा लेप घट्ट आवळून बांधणे तर धोक्याचेच, कारण सुजलेल्या अवयवाचा रक्तपुरवठा त्याने तुटू शकतो. एक्स-रे काढून हाड बसवणे आधी, बाकीचे नंतर.

वासनवेलीची पाने पाण्यात चुरडून गाळली की थोड्याच वेळात ते हिरवे पाणी थिजते आणि त्याच्या सुरीने वड्या पाडता येतात. ‘पाणी थिजले म्हणजे वेल बरोबर आहे’ हा निष्कर्ष मात्र फसवा आहे, कारण पहाडवेलीचा रसही असाच थिजतो. थिजण्यावरून पानांत बुळबुळीत द्रव्य आहे एवढेच कळते.

ज्या वेलींचा रस पोटात घेऊच नये

ईश्वरी, म्हणजेच सापसंद, ही वेल सर्पदंशावर आणि पोटाच्या तक्रारींवर परंपरेने वापरली गेली आहे. तिच्या वंशातील वेलींमध्ये अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असते, ते मूत्रपिंडे निकामी करते आणि कर्करोगकारक म्हणून सिद्ध झालेले आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी ब्रुसेल्समध्ये वजन कमी करण्याच्या औषधात स्टेफानिया या गुळवेलीच्या कुळातील वेलीऐवजी ईश्वरीच्या वंशातील वेलीची भुकटी मिसळली गेली, आणि शंभरहून अधिक जणांची मूत्रपिंडे बिघडली. पुढे मूत्रपिंडे काढून तपासलेल्या ३९ जणांपैकी १८ जणांना मूत्रमार्गाचा कर्करोग आढळला. हे आम्ल उकळल्याने नाहीसे होत नाही आणि परिणाम अनेक वर्षांनी दिसतो, त्यामुळे ‘आमच्याकडे कोणाला काही झाले नाही’ हा युक्तिवाद इथे लागू पडत नाही. सर्पदंश झाल्यावर दंश झालेला अवयव हलू न देता थेट प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात जावे. रस काढण्यात गेलेला वेळ परत मिळत नाही.

कळलावी तिच्या लाल-पिवळ्या फुलांवरून आणि टोकाशी तणाव्यासारख्या वळलेल्या पानांवरून ओळखता येते, पण फुले नसताना तिचा कंद रानकंद समजून खाल्ला जातो. तिच्या सर्व भागांत कोल्चिसीन असते. काही तासांनी उलट्या आणि जुलाब सुरू होतात, मग थोडे बरे वाटते, आणि त्याच दिवसांत अस्थिमज्जेवर घाला पडलेला असतो. म्हणून उलट्या थांबल्या तरी रुग्णाला घरी ठेवू नये. मीठ-पाणी पाजून उलटी करवण्यात वेळ घालवू नये. उरलेला रस आणि वेलीचा पान, खोड व कंद असलेला तुकडा कागदात गुंडाळून सोबत न्यावा, आणि रस किती वाजता व किती प्रमाणात घेतला, हे डॉक्टरांना न लपवता सांगावे.