मोठ्या शस्त्रक्रियेनंतर मूत्रपिंडं कशी जपावीत

मोठ्या ऑपरेशनमध्ये रक्तदाब उतरतो, रक्त जातं, आणि मूत्रपिंडांना मिळणारा रक्तपुरवठा तोकडा पडतो. त्यांना इजा झाली तरी सहसा काही दुखत नाही. ती आकड्यांतच दिसते. वय जास्त, मधुमेह, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार असेल तर अधिक जपायला हवं.

१. ऑपरेशनआधीचं क्रिएटिनिन लिहून ठेवा. रक्तातला हा टाकाऊ पदार्थ मूत्रपिंडं गाळून टाकतात; त्यांचं काम मंदावलं की तो वाढतो. ४८ तासांत ते दर डेसिलिटरमागे ०.३ मिलिग्रॅमने वाढलं, तरी डॉक्टर त्याला तीव्र, म्हणजे अचानक झालेली इजा म्हणतात, मग रिपोर्टवर आकडा ‘नॉर्मल’ का दिसेना. जुना आकडाच नसेल, तर ही वाढ कळणार कशी?

२. भूलतज्ज्ञांना सगळी औषधं सांगा. रॅमिप्रिल, टेल्मिसार्टनसारख्या रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या, हे तेच ठरवतील. मनाने बंद करू नका. सांगायची राहतात ती नेमकी दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन. गुडघेदुखीची गोळी कुणी ‘औषध’ धरतच नाही! मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा मात्र ती आणखी आवळते.

३. उपाशी राहायचं म्हणजे रात्रभर तहानलेलं राहायचं असं नाही. बहुतेकांना भुलेच्या २ तास आधीपर्यंत पाणी चालतं. तुम्हाला चालेल का, ते विचारून घ्या.

४. ऑपरेशननंतर लघवीवर लक्ष ठेवा. क्रिएटिनिन चढायला एक-दोन दिवस लागू शकतात, लघवी बहुधा आधी कमी होते. वजन ६० किलो असेल तर ताशी साधारण ३० मिलिलिटर हवी. एखादा तास कमी भरली म्हणून घाबरू नका, ऑपरेशनच्या ताणाने शरीर पाणी धरून ठेवतं. पण सलग ६ तास कमीच असेल तर नर्सला सांगा. लघवीची नळी दुमडलेली नाही ना, हे आधी पाहायला लावा. नातेवाईक अशा वेळी ‘अजून एक सलाइन लावा’ म्हणतात. जास्तीचं पाणी फुप्फुसांत साठतं आणि मूत्रपिंडांवरही दाब आणतं. लघवी वाढवणारं इंजेक्शन दिल्याने लघवी वाढते, इजा टळत नाही.

५. घरी जाताना दोन गोष्टी विचारा: दुखलं तर कोणती गोळी घ्यायची, आणि थांबवलेल्या गोळ्या कधी सुरू करायच्या. उलट्या-जुलाब लागले तर रक्तदाबाची पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. इजा झालीच असेल, तर ३ महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनं पुन्हा तपासून घ्या.