आखाजीनंतरही परळात पाणी राहावं म्हणून

शिक्षण परिषदेला जेवणाच्या सुट्टीत एखादी नवी शिक्षिका हमखास विचारते, "मॅडम, तुमच्या शाळेचं ते पाखरांच्या-गुरांच्या पाण्याचं, एकट्या म्हाताऱ्यांच्या धान्याचं काम चालतं ना, आम्हालाही करायचंय. सुरुवात कुठून करू?" मी म्हणते, मे महिन्यापासून. तिला वाटतं मी टाळतेय. म्हणून हे एकदाच नीट लिहून ठेवते.

आमची शाळा पारोळा तालुक्यातली, द्विशिक्षकी. पहिली ते चौथी मिळून ३८ पोरं, पोषण आहार शिजवणारी एक ताई आणि आवारात दोन कडुनिंब. पहिल्या वर्षी मार्चमध्ये आम्ही प्लास्टिकच्या बाटल्या कापून झाडांना टांगल्या. २० बाटल्या, शेजारी २० पोरं, मग फोटो. फोटो गटावर गेला, वर अंगठे आले. सकाळची शाळा होती तोवर पोरं पाणी भरत होती. मग सुट्टी लागली. १५ जूनला शाळा उघडली तेव्हा बाटल्या उन्हानं इतक्या ठिसूळ झाल्या होत्या की हात लावला की चुरा. एकीत मुंगळे, एकीत चिमणीचं पीस. आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो ते दिवस एप्रिल-मेचे, आणि नेमके तेव्हाच आम्ही घरी बसलो होतो. मी तर माहेरी होते.

तेव्हा पहिलं काम हे: कॅलेंडर काढायचं आणि सुट्टीतल्या प्रत्येक आठवड्यापुढे नाव लिहायचं. नाव सापडत नसेल तर भांडं टांगायचंच नाही. पाखरांना एका जागी पाण्याची सवय लावून ते बंद करणं, हे मुळात न लावण्यापेक्षा वाईट.

बाटल्या नकोतच. कुंभाराकडून मातीचे परळ, म्हणजे उथळ पसरट भांडी, घ्या. पाणी गार राहतं आणि वाऱ्यानं उलटत नाही. दोन-तीन बोटं पाणी पुरे. चिमणी, साळुंकी काठावर बसून पितात, खोल पाण्यात त्यांचं पिल्लू बुडतं. मधोमध दोन-चार खडे ठेवा, पाण्याच्या वर डोकी काढतील असे. हे आम्हाला मधमाश्यांनी शिकवलं. दुसऱ्या वर्षी रोज सकाळी परळात पाच-सहा मेलेल्या माश्या दिसायच्या, खडे ठेवल्यापासून त्या खड्यावर उतरून पाणी घेऊन जातात. जागा सावलीतली, पण झुडपाला लागून नको. मांजर दबा धरून बसतं. आणि रोजचं शिळं पाणी झाडाला ओतून परळ हातानं घासायचा. नुसती भर घालत राहिलात तर आठवड्याभरात त्यात डासांच्या अळ्या वळवळतात, मग गावात डेंग्यूचा पेशंट निघाला की बोट शाळेकडे.

आता सुट्टीची गोष्ट. आम्ही पाळी वर्गावर लावली नाही, गल्लीवर लावली. शाळेत पाच परळ, गावात नऊ. गावातला एकेक परळ एकेका घराच्या ओट्यावर. पण खानदेशातली सुट्टी म्हणजे आखाजी, आपली अक्षय्य तृतीया. आखाजीला झोके बांधले जातात, लेकी माहेरी येतात आणि आपल्या वर्गातली निम्मी पोरं आईबरोबर मामाच्या गावाला निघून जातात. मी यावर दोन वर्षं डोकं आपटलं. उत्तर चौथीतल्या एका मुलीनं दिलं: "मॅडम, आपण जातो तशी दुसरी येतातच ना." खरंच की. जितकी पोरं गावातून जातात, तितकीच आजोळी येतात. आता जाणारं पोर जाण्याआधी शेजारी आलेल्या पाहुण्या पोराला परळ दाखवतं, वही हातात देतं. वही म्हणजे साधी शंभरपानी, दोरीनं ओट्याच्या खांबाला बांधलेली, पेन्सिलीसकट. तारीख, भरलं की नाही, कोण आलं होतं प्यायला. बस, याहून जास्त रकाने आखू नका. मी एकदा सात आखले होते, कुणी भरले नाहीत.

पाखरांचं इतपत सोपं. गुरांचं पाणी पोरांच्या बादलीनं होत नाही, हे आधी स्वतःला पटवून घ्या. उन्हाळ्यात दुभती गाय दिवसाला ५०-६० लिटर पाणी पिते. शाळेची बादली १५ लिटरची. म्हणजे एका गाईला चार बादल्या. हे गणित मी तिसरीला फळ्यावर घातलं आणि पोरंच म्हणाली, जमणार नाही. मग आम्ही गावहाळाकडे, म्हणजे गुरांच्या पाण्याच्या गावच्या हौदाकडे, वळलो. बहुतेक जुन्या गावांत विहिरीजवळ तो असतो. नळ घरोघरी आले आणि आमचा गावहाळ ओस पडला. त्यात गुटख्याच्या पुड्या, फुटकी चप्पल, आणि एका बाजूला कुणीतरी रचलेल्या गोवऱ्या. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय घेतला, ठराव ग्रामपंचायतीला दिला. तडा सिमेंटनं बुजवला, आतून चुना मारला. चुना दर पंधरा दिवसांनी मारतो. शेवाळ कमी धरतं. तो मोठ्यांनीच मारायचा, पोरांच्या डोळ्यात उडाला तर वाईट. पाणी सोडणारे भाऊ सकाळी गावाचं पाणी सोडतात तेव्हाच गावहाळाचा कॉकही फिरवतात. पोरांचं काम एवढंच, शाळेत येताना बघायचं आणि कोरडा दिसला तर भाऊंच्या दारात जाऊन उभं राहायचं. काही बोलायचं नाही, नुसतं उभं राहायचं. भाऊ म्हणतात, यापेक्षा सरपंचाचा फोन बरा.

एक सावधगिरी. २०२२ साली लम्पी या गुरांच्या त्वचारोगाची साथ जळगाव जिल्ह्यात आली तेव्हा आम्ही गावहाळ रिकामा करून ठेवला. साथ असताना सगळ्या गुरांची तोंडं एकाच पाण्यात नकोत. पोरं रडवेली झाली, पण हेही शिकवायचंच असतं.

गुरांना खायला घालण्याचं काम मात्र मी जवळजवळ बंद केलंय. पोषण आहारात खिचडी उरली की पोरं ती पातेलंभर नेऊन गाईपुढे ओतायची, आणि आपल्याला बघायलाही बरं वाटायचं. एकदा गावात लग्न झालं, उरलेला भात आणि पोळ्यांचा ढीग उकिरड्यावर टाकला, आणि दुसऱ्या दिवशी एक गाय आडवी. पोट तट्ट, रवंथ बंद. गुरांच्या डॉक्टरांनी समजावलं ते असं: गाईचं पोट चाऱ्यासाठी असतं. शिजवलेला भात, पोळ्या, धान्य एकदम पोटात गेलं की आत आंबतं, आम्ल तयार होतं आणि जनावर दगावतं. ती गाय वाचली, पण तीन दिवस मालकाच्या घरात चूल धड पेटली नव्हती. तेव्हापासून आमचा नियम: एखादी भाकरी चालेल, पातेलं नाही. आणि गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी कुठेच टाकायची नाही, गाय गाठ सोडत नाही, पिशवीसकट गिळते.

कुत्र्यांबद्दल मी कडक आहे, कुणी मला निर्दयी म्हटलं तरी चालेल. पोरांनी पिल्लं उचलायची नाहीत, कुत्री व्यालेली असेल तर तिच्या वाटेला जायचं नाही, जखमी जनावराला हात लावायचा नाही. दिसलं की धावत येऊन मोठ्यांना सांगायचं, एवढंच. मोठ्यांनी १९६२ नंबर लावायचा, तिथून पशुवैद्यकीय मदत मिळते. चावलंच तर, अगदी नख लागून ओरखडा उठला तरी, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं. मिरची, चुना, हळद काही भरायचं नाही. आमच्याकडे मिरचीची पूड भरायची पद्धत होती. ती मोडायला मला पालकसभेत घड्याळ लावून, नळाखाली १५ मिनिटं स्वतःचा हात धरून दाखवावा लागला. बायका आधी हसल्या, मग पाच मिनिटांनी गप्प झाल्या. १५ मिनिटं किती लांब असतात ते तेव्हा कळलं सगळ्यांनाच. लसीच्या पुढच्या तारखा आम्ही वर्गाच्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहितो. पालक विसरतात, वर्ग विसरत नाही.

पोळ्याच्या आधी लाळ्या-खुरकूतची लस येणार असेल तर पोरांचा मोठा उपयोग होतो. गल्लीतल्या कुणाकडे किती गुरं, याची यादी चौथीकडून करून घ्या. जनावराच्या कानात बारा आकडी बिल्ला असतो. बैल शेपूट हलवत असताना तो आकडा वाचणं आणि न चुकता उतरवणं, यापेक्षा चांगला संख्यावाचनाचा तास मी तरी घेतलेला नाही. मालक जनावर धरून उभा असेल तरच, हे सांगायला नको.

आता माणसांचं. इथे माझी सगळ्यात मोठी चूक झाली.

आम्ही 'मूठभर धान्य' सुरू केलं होतं. शनिवारी ज्याला जमेल त्यानं घरून एक मूठ आणायची. दोन डबे: एकात ज्वारी, बाजरी, तांदळाची कणी पाखरांसाठी, दुसऱ्यात गहू, डाळ गावातल्या एकट्या म्हाताऱ्यांसाठी. पैसे अजिबात नाहीत. पैसे घेतले की कुणी दहा आणतं, कुणी पन्नास, आणि ज्याच्या घरी नसतात ते पोर शनिवारी शाळेला दांडी मारतं. मूठ सगळ्यांची सारखीच, पहिलीतल्या पोराची तर मूठही लहान.

इथवर ठीक होतं. महिन्यानं डबा भरला आणि आम्ही प्रभातफेरी काढून, घोषणा देत, एका आजीच्या दारात गेलो. बरोबर बाहेरगावचे दोन पाहुणेही होते, बॅनर घेऊन. आजी बाहेर आली, आधी बॅनरकडे, मग मोबाइलकडे बघत राहिली आणि म्हणाली, "फोटू कसाले काढतस माय? मी काय भिकारीन शे का?" पिशवी तिनं उंबऱ्यावरही ठेवू दिली नाही. पोरं माझ्याकडे बघत होती. मला उत्तर नव्हतं. पाहुण्यांनी तोवर फोटो काढला होता, तो मी डिलीट करायला लावला, त्यावरून पुढे बराच रुसवाफुगवा झाला.

आठ दिवसांनी मी एकटीच गेले, हात हलवत. ओट्यावर बसले. ती गोधडी शिवत होती. जुन्या लुगड्याचे पदर, बारीक एकसारखे टाके, चष्म्याला दोरा बांधलेला. मी म्हटलं, आजी, आमच्या पोरांना धान्याच्या पिशव्या लागतात, शिवून द्याल? ती म्हणाली, कापड आना. पोरांनी जुनी लुगडी आणली, तिनं ११ पिशव्या शिवल्या. पिशव्या परत आणायला गेलो तेव्हा त्यातल्या दोनांत गहू-डाळ भरून तिथेच ठेवल्या, शिलाई म्हणून. तिनं घेतल्या. आता ती दर बुधवारी दुपारी शाळेत येते आणि पोरींना, हो, पोरांनाही, टाका शिकवते.

तेव्हा पद्धत अशी: ज्याला द्यायचंय त्याच्याकडे आधी काहीतरी मागायला जा. कुणाला झोक्याची गाणी येतात, कुणाला दोर वळता येतो, एका आबांना नाडी दाबून बैलाचा ताप कळतो. नंतर द्या, आणि देताना एक पोर, एक पिशवी, संध्याकाळची वेळ. मोबाइल वर्गात ठेवून जा. पेन्शनचा कागद वाचून दाखवणं, गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख बघणं, नळाला पाणी आलं की एक हंडा भरून ठेवणं ही कामं गव्हापेक्षा जास्त लागतात असं मला आढळलं. बाहेरचं कुणी वस्तू देऊ म्हणालं तर ती समितीच्या नावे, पावतीवर, नोंदवहीत. शिक्षकाच्या हातात काही येऊ देऊ नका, गाव लहान असतं.

गेल्या जूनमध्ये परळांच्या वह्या गोळा केल्या. नऊपैकी दोन कोऱ्या, एक शेळीनं अर्धी खाल्लेली. उरलेल्या सहा भरलेल्या. एका वहीत मेच्या मधल्या पंधरवड्यात अक्षरच बदललं होतं, वळणं गोल, डोक्यावर रेघ नाही. गुजराती. सुरतेहून आजोळी आलेल्या कुणा नातीनं रोज लिहिलं होतं. मला वाचता येईना, म्हणून सुरतेच्या उधन्यात वीस वर्षं कापड गिरणीत काढून परत आलेल्या शेजारच्या नानांना बोलावलं. त्यांनी चष्मा पुसला, बोट ठेवून वाचलं: "पाणी भर्युं. एक खिसकोली आवी." खाली खारीचं चित्र होतं, शेपटी पानाबाहेर गेलेली.