एकच नियम चार फाइलींत: कोडमधली नक्कल आणि लांबण कशी शोधावी, कशी निस्तरावी

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने सोयाबीनच्या हमीभाव खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर नेली, तीही फक्त त्या खरीप हंगामापुरती. ज्याने एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीचं नाहीतर अडत्याचं खरेदीचं सॉफ्टवेअर लिहिलंय, त्याच्या दृष्टीने हा एका आकड्याचा बदल. आकडा एकाच जागी असेल तर चहा निवायच्या आत काम उरकतं. पण आवक नोंदीच्या स्क्रीनवर, हिशोबपट्टीत, मोबाईल ॲपमध्ये आणि महिन्याच्या अहवालात असा चार जागी असेल, तर तीन आपल्याला सापडतात आणि चौथा मुनीम दाखवून देतो: "भाऊ, इथं माल पास झाला, अन् अहवालात नापास काऊन दाखवून राह्यला?"

दिग्रस, वणी, मलकापूर, हिंगणघाट अशा गावांत एकट्याने सॉफ्टवेअर सांभाळणारे बरेच जण आहेत. कोड तपासायला शेजारी दुसरं कुणी बसलेलं नसतं. फोन आला की जुनं फंक्शन (एक ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा) कॉपी करायचं, दोन ओळी बदलायच्या आणि पाठवून द्यायचं, अशीच ही नक्कल साठते. ती शोधून कमी कशी करायची, ते या लेखात आहे. उदाहरणं कापूस-सोयाबीनच्या खरेदीची घेतली आहेत, पण दूध संकलन असो की पतसंस्था, रीत तीच.

हात लावण्याआधी आजचं उत्तर जपून ठेवा

रिफॅक्टरिंग म्हणजे प्रोग्रामचं वागणं न बदलता त्याची आतली मांडणी बदलणं. वागणं बदललं नाही हे कळायला आजचं वागणं कुठेतरी टिपलेलं हवं. मागच्या हंगामातल्या काही हिशोबपट्ट्या निवडा. साध्या पट्ट्यांपेक्षा अडचणीच्या जास्त घ्या: ओलावा बरोबर मर्यादेवर असलेली, आगाऊ रक्कम कापलेली, एकाच गाडीत दोन प्रतींचा कापूस आलेली, रद्द झालेली. त्या आजच्या कोडमधून चालवा आणि निघालेलं उत्तर फाइलमध्ये ठेवा. पुढे प्रत्येक बदलानंतर त्याच पट्ट्या पुन्हा चालवायच्या आणि दोन्ही फाइली यंत्राकडून ताडून घ्यायच्या. आजचं उत्तर चुकीचं वाटलं तरी आत्ता सुधारू नका, वहीत टिपून ठेवा. मात्र त्या नमुन्यांतून शेतकऱ्यांची नावं, आधार आणि खाते क्रमांक आधी काढून टाका, कारण ही फाइल पुढे कोडसोबत सगळीकडे फिरणार आहे.

या तयारीत जास्त वेळ जातो तो रक्कम पूर्ण रुपयात कुठे बसवली ते बघण्यात. केंद्र सरकारने २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलला ८,११० रुपये हमीभाव ठरवला. ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की तेवढ्या प्रमाणात भाव कमी होतो आणि १२ टक्क्यांच्या पुढचा कापूस हमीभाव खरेदीत घेत नाहीत. १० टक्के ओलाव्याच्या कापसाचा भाव निघतो ७,९४७.८०. माल १२.३५ क्विंटल असेल तर रक्कम ९८,१५५.३३. पण एखाद्या नकलेत भावच आधी पूर्ण रुपयात करून ७,९४८ धरला असेल, तर रक्कम ९८,१५७.८० होते. शेवटी रुपयात बसवलं की एका पट्टीवर ९८,१५५ आणि दुसरीवर ९८,१५८. दोन्ही फंक्शनं डोळ्यांना जुळीच दिसतात, तरी तीन रुपयांचा फरक आहे.

भाषाभाषांतही फरक पडतो. आकडा पूर्णांकात बसवणारा पायथनचा नेहमीचा राउंड २.५ चे २ करतो, कारण अर्ध्यावरचा आकडा तो सम संख्येकडे नेतो. जावास्क्रिप्टचा राउंड त्याचेच ३ करतो, आणि एक्सेलही ३. त्यामुळे सर्व्हरवरचं आणि ब्राउझरमधलं गणित "एकच तर आहे" म्हणून एकत्र करणाऱ्याने ही तपासणी आधी करावी. पैसे फ्लोट प्रकारात (ज्यात ०.१ सारखा आकडाही नेमका साठत नाही) न ठेवता पैशांच्या पूर्ण संख्येत किंवा डेसिमल प्रकारात ठेवले तर निम्मी डोकेदुखी जाते, पण तो वेगळा बदल आहे. या कामात तो मिसळू नका.

नक्कल शोधायची कशी

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे आकडा शोधणं. एडिटरच्या शोधपट्टीत १२, १५, ०.०८ असे तुमच्या धंद्यातले आकडे टाका. "ओलावा", "हमाली", "तोलाई" हे शब्दही टाका, कोडमध्ये ते ज्या स्पेलिंगात लिहिले असतील त्या सगळ्या स्पेलिंगांनी. एकाच माणसाने लिहिलेल्या प्रकल्पातही एका शब्दाची तीन स्पेलिंगं निघतात.

मग साधनं. जेएससीपीडी हे जावास्क्रिप्टसह बऱ्याच भाषांचा कोड वाचतं आणि जुळणारे तुकडे फाइल व ओळ क्रमांकासह दाखवतं. पीएमडीसोबत येणारं सीपीडीही तेच करतं, त्याला मशीनवर जावा लागतं. पायथनवाल्यांना पायलिंट या कोड तपासणाऱ्या साधनातच नकलेची तपासणी मिळते. किमान चार सारख्या ओळी असा त्याचा मूळ हिशोब असतो. एकदा उतरवून घेतली की ही साधनं इंटरनेटशिवाय चालतात, हे आपल्याकडे महत्त्वाचं. पहिल्या फेरीत किमान टोकनची (कोडमधले सुटे शब्द आणि चिन्हं) मर्यादा मोठी ठेवा, शंभरच्या आसपास. पन्नासवर ठेवली तर इंपोर्टच्या ओळी आणि फॉर्मची रचनाही नक्कल म्हणून येते, आणि माणूस कंटाळून अहवाल बंद करतो.

जुन्या फॉक्सप्रोसारख्या भाषेला असं साधन सहज सापडत नाही. तिथे सगळ्या फाइलींच्या ओळी एकत्र करा, पुढच्या-मागच्या मोकळ्या जागा काढा, क्रमाने लावा आणि कोणती ओळ किती वेळा आली ते मोजा. लिनक्सवरच्या सॉर्ट आणि युनिक या दोन आज्ञांनी हे होतं. वीसदा आलेली ओळ मोकळा कंस नसेल, तर तिच्याभोवतीचा कोड उघडून बघा.

यंत्राला जी नक्कल दिसत नाही ती जास्त छळते. एकाने लूप लिहून बेरीज केलेली असते, दुसऱ्याने तीच बेरीज डेटाबेसच्या क्वेरीत. नियम एक, अक्षर एकही सारखं नाही. याला गिटचा, म्हणजे कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाचा, इतिहास कामी येतो: कोणत्या फाइली वारंवार एकाच कमिटमध्ये (एका वेळी नोंदवलेल्या बदलात) बदलल्या गेल्या ते पाहा. पट्टीची फाइल बदलली की दर वेळी अहवालाची फाइलही बदलत असेल, तर दोन्हींत एकच नियम राहतोय असं समजा.

लांब फंक्शन कसं ओळखावं

ओळी मोजणं सोपं आहे. जावास्क्रिप्टचा कोड तपासणाऱ्या ईएसलिंटचा फंक्शनच्या लांबीचा नियम सुरू केला तर तो मुळात ५० ओळींवर अडतो, पायलिंट ५० विधानांवर. हे आकडे फार मनावर घेऊ नयेत. सरळ खाली वाचत जाणारं ऐंशी ओळींचं फंक्शन मला चालतं, पण तीस ओळींत पाच थरांचे इफ असतील तर नाही. वाटा किती फुटतात ते मोजायला थॉमस मॅकेब यांनी १९७६ साली सायक्लोमॅटिक गुंतागुंत ही पद्धत मांडली आणि १० च्या पुढे गेलं की तोडावं असं सुचवलं. लिझार्ड हे छोटं साधन अनेक भाषांत हा आकडा काढून देतं. त्याच्या यादीतली वरची पाच फंक्शनं आणि गिटमध्ये वर्षभरात जास्तीत जास्त वेळा बदललेल्या फाइली शेजारी मांडा. दोन्हीकडे जे नाव आहे तिथून सुरुवात करा.

कोणती नक्कल ठेवायची

हा टप्पा लोक घाईत उरकतात. कापसाचा ओलावा तपासणारा कोड आणि सोयाबीनचा ओलावा तपासणारा कोड सारखाच दिसतो: आकडा घ्या, मर्यादेशी ताडा, पास किंवा नापास. म्हणून दोन्ही एका फंक्शनमध्ये कोंबले, आत "पीक कापूस असेल तर" असं लिहिलं. मग २०२४ मध्ये सोयाबीनची मर्यादा वाढली, कापसाची वाढली नाही. कापसात प्रमाणात भावकपात आहे, ती सोयाबीनला तशीच लावता येत नाही. दर हंगामाला त्या फंक्शनमध्ये एक इफ वाढतो. वेगवेगळ्या कारणांनी बदलणाऱ्या दोन गोष्टी आज सारख्या दिसल्या तरी वेगळ्याच ठेवाव्यात. उलट, एकच शासननिर्णय आला की ज्या सगळ्या जागा बदलाव्या लागतात, त्या एकमेकींसारख्या दिसत नसल्या तरी एकत्र यायला हव्यात. अँडी हंट आणि डेव्ह थॉमस यांनी १९९९ मध्ये डीआरवाय (डोन्ट रिपीट युवरसेल्फ, तेच पुन्हा लिहू नका) तत्त्व मांडलं तेव्हा त्यांचा रोख ज्ञान एका जागी ठेवण्यावर होता. सारख्या दिसणाऱ्या ओळी पुसत सुटणं हा त्याचा अर्थ नव्हे.

खात्री नसेल तर थांबा. डॉन रॉबर्ट्स यांच्या नावावर असलेला तीनचा नियम इथे बरा पडतो: पहिल्यांदा लिहा, दुसऱ्यांदा नक्कल सहन करा, तिसऱ्यांदा एकत्र करा.

एकत्र करताना

दोन नकला समोरासमोर लावा आणि प्रत्येक फरकावर बोट ठेवून विचारा: हा मुद्दाम केलेला आहे की राहून गेलेला? उत्तर बहुतेक वेळा कोडमध्ये नसतं, काउंटरवर असतं. शेतकऱ्याच्या पट्टीत भराईची हमाली नाही आणि खरेदीदाराच्या बिलात आहे, म्हणून तुम्ही ती विसरलेली ओळ समजून जोडायला निघता. मुनीम सांगतो, "ते हमाली खरेदीदाराकडची हाये ना भाऊ. शेतकऱ्याच्या पट्टीत कायले टाकता?" एवढ्या एका प्रश्नाने पुढचं भांडण वाचतं. कोणती हमाली कुणाकडे हे बाजार समितीगणिक बदलू शकतं, म्हणून तो फरक फंक्शनमध्ये पक्का न कोरता बाहेरून मिळणारी माहिती म्हणून द्या.

मुद्दाम केलेले फरक असे पॅरामीटर किंवा तक्त्यातल्या नोंदी होतात. पण "शेतकरी आहे का: हो/नाही" असले हो-नाहीचे पॅरामीटर दोनपेक्षा जास्त झाले, तर तुम्ही दोन फंक्शनं एका नावाखाली लपवताय.

मर्यादा, भाव, कपात यांचा तक्ता करताना पीक, आकडा आणि लागू दिनांक असे तीन रकाने ठेवा. दिनांक नसेल तर १२ चं १५ केल्यावर मागच्या वर्षीच्या पट्टीची दुसरी प्रत काढताना नवाच नियम लागतो, आणि ऑडिटच्या वेळी दोन कागद जुळत नाहीत. हंगाम संपून मर्यादा परत १२ वर आली तेव्हाही या तक्त्यात फक्त एक ओळ वाढते.

लांब फंक्शन तोडताना

लांब फंक्शन लिहिणाऱ्याने बहुधा खुणा करून ठेवलेल्या असतात. "आता हमाली", "इथून प्रिंट" अशा टिप्पण्या दिसल्या की तेच नव्या फंक्शनचं नाव. त्याखालचा तुकडा बाहेर काढा, एडिटरमध्ये "एक्स्ट्रॅक्ट" ही सोय असेल तर हाताने कापू नका. बाहेर काढलेल्या तुकड्याला सात-आठ गोष्टी पुरवाव्या लागत असतील तर जागा चुकली आहे. थोडं वर किंवा खाली कापून बघा.

हिशोबपट्टीसारख्या कामात पहिला काप ठरलेला असतो: माहिती वाचणं, गणित करणं, छापणं. गणिताने डेटाबेस उघडू नये आणि प्रिंटरला हात लावू नये. एवढं झालं तरी तेच गणित ॲपला, अहवालाला वापरता येतं आणि निम्मी नक्कल आपोआप जाते.

खोल इफ असतील तर नकार आधी संपवा. ओलावा जास्त, परत. नोंदणी नाही, परत. मग उरलेला मुख्य हिशोब डावीकडे सरळ येतो. आणि एका ओळीचा इफ असला तरी कंस लावा. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलला आयफोनची तातडीची दुरुस्ती काढावी लागली, ती एका दोनदा उमटलेल्या "गोटू फेल" या ओळीमुळे. पहिली ओळ इफच्या अखत्यारीत होती, दुसरी नव्हती. त्यामुळे सुरक्षित जोडणीतली सही तपासण्याआधीच फंक्शन बाहेर पडायचं, आणि तपासणी यशस्वी झाली असंच समजलं जायचं.

कधी करावं, किती करावं

दसऱ्यापासून कापूस-सोयाबीनची गर्दी सुरू होते, तेव्हा पट्टीच्या कोडला हात लावू नये. तूर-हरभऱ्याची आवक ओसरली की पेरणीच्या आधीचे काही आठवडे मिळतात, ते या कामाला द्या. एका कमिटमध्ये एकच हालचाल: नाव बदललं, कमिट, तुकडा बाहेर काढला, जपलेल्या पट्ट्या चालवल्या, कमिट. लाइट गेली तरी मोडकं काही मागे राहत नाही. टिपून ठेवलेल्या चुका नंतर, वेगळ्या कमिटमध्ये आणि मालकाला सांगून दुरुस्त करा, कारण त्यात पैशांचे आकडे बदलतात.

जुनी नक्कल "असू दे, कामी पडेल" म्हणून टिप्पणीत झाकून ठेवू नका. गिटमध्ये ती आहेच. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीत नवा कोड आठपैकी सात सर्व्हरवर पोहोचला. आठव्यावर वर्षानुवर्षं न वापरलेला जुना कोड तसाच होता आणि नव्या कामासाठी वापरलेल्या जुन्याच खुणेने तो जागा झाला. पाऊण तासात चव्वेचाळीस कोटी डॉलरच्या घरात नुकसान झालं.

नवी नक्कल येऊ नये म्हणून जेएससीपीडी किंवा पायलिंट कमिटच्या आधी आपोआप चालेल असं लावा, पण मर्यादा आजच्या आकड्यावर ठेवा, शून्यावर नाही. आजच्यापेक्षा वाढली तरच अडवा. कोड लिहून देणारे एआय सहायक वापरत असाल तर ही अडवणूक जास्तच लागते. प्रकल्पात आधीच असलेलं फंक्शन न बघता ते नवं, जवळपास तसंच लिहून देतात. आधी असलेल्या फंक्शनचं नाव त्यांना सांगून बघा.

यादीतलं सगळंच निस्तरायचं नसतं. तोलकाट्याकडून वजन वाचणारी फाइल लांबलचक असेल, तिच्यात तोच तुकडा तीनदा असेल, पण गेल्या कित्येक हंगामांत ती कुणाला उघडावी लागली नसेल, तर तिला तशीच राहू द्या. काटा बदलेल तेव्हा बघता येईल.